चुकीचा साचा

माझ्या दवाखान्यात एका कुटुंबाचा एक खोका असतो. दातांचे प्लास्टरचे साचे मी त्यात ठेवतो आणि तळाला पेन्सिलीने नाव लिहितो. सहायक बाई कधीपासून म्हणतात, नंबर घाला. वीस वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता, म्हणून मी त्यांचं मनावर घेतलं नाही.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीन महिन्यांपूर्वी गेले. नऊ वर्षांपूर्वी मी त्यांची डावीकडची खालची दाढ काढली होती. तेव्हापासून भेटतील तिथे, चारचौघांत, गालावर बोट ठेवून म्हणायचे, "डॉक्टर, तिथं वारा लागतो." मी वैतागायचो आणि त्यांना तेच हवं असायचं.

ते गेले तेव्हा ताई रडली नाही. दात आवळून खुर्चीत बसून राहिली. मीही रडलो नाही. सगळ्या अंगाला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यासारखं झालं होतं आणि ते अजून उतरलेलं नाही.

दोन महिन्यांत ताईचा जबडा धरला. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की एक गोल हाड पुढे सरकताना लागतं. ते हाड आणि कवटी यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. चकती जागची हलली की तोंड उघडताना कट् असा आवाज येतो. ती परत जागेवर आलीच नाही तर तोंड उघडेनासं होतं. एरवी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. ताईच्या तोंडात एक जेमतेम जात होतं. ती सगळं पातळ करून चमच्याने घ्यायची, तेही अर्धं टाकायची. मनगटाची हाडं वर आली होती.

मी एक्स-रे काढला, दात सगळे जागच्या जागी होते. वरच्या दातांवर रात्री घालायचं प्लास्टिकचं कवच, स्प्लिंट, करायचं ठरवलं. नवं माप घ्यायला तोंडच उघडत नव्हतं, म्हणून जुना साचा खोक्यातून काढला आणि त्यावर स्प्लिंट केलं. नवं स्प्लिंट बसवताना अर्धा तास तरी घासावं लागतं. हे पहिल्याच खेपेला चपखल बसलं. एरवी मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

दहा दिवसांत दोन बोटं जायला लागली. ताईने माझ्यासमोर सफरचंदाची फोड चावून खाल्ली. "छोटू, तुझ्या हाताला गुण आहे," ती म्हणाली. पन्नाशीतही मी तिचा छोटूच आहे.

त्याच दिवशी मी स्प्लिंट तपासलं. निळा कागद ठेवून दात मिटायला लावले की खालच्या प्रत्येक दाताचा ठिपका स्प्लिंटवर उमटतो. डावीकडे एक जागा कोरी राहिली. मी आरसा घालून पाहिलं. दाढ होती, घट्ट होती, बाकीच्या दाढांएवढीच उंच होती. तीनदा कागद बदलला. जागा कोरीच.

ती जागा माझ्या ओळखीची होती.

मी मागच्या खोलीत जाऊन खोका उघडला. स्प्लिंट करण्यापूर्वी साच्याला गुलाबी लेप देतात. ताईचा साचा पांढराफटक होता. लेप दाजींच्या साच्यावर होता.

दाजींचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. ताईचे सरळ, बारीक. ते स्प्लिंट तिच्या दातांवर चढायलाच नको होतं. सहायक बाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ दोन्ही साचे हातात धरले. "बसलंय ना, सर? मग राहू द्या," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मी राहू दिलं नाही. दुरुस्तीला हवं, असं सांगून स्प्लिंट ठेवून घेतलं आणि ताईच्या स्वतःच्या साच्यावर दुसरं केलं. ते काही केल्या बसेना, एका बाजूला डगडगत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चमच्याची कडही दातांतून जाईना. तिसऱ्या दिवशी पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी.

"छोटू," ताई मिटल्या दातांतून म्हणाली, "ते दे."

मी नळीचा विचार केला, तिच्या मनगटांचा केला. खणातून जुनं स्प्लिंट काढून तिच्या हातावर ठेवलं.

तिने ओठ बाजूला करून ते दातांवर सरकवलं. कानापुढे कट् झालं.

सकाळी ती स्वतः चालत दवाखान्यात आली. पोटभर नाश्ता झाला, म्हणाली. मी तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला.

तीन बोटं आरामात गेली.

डावीकडे खाली दाढ नव्हती.

रक्त नव्हतं, खड्डा नव्हता. हिरडी गुलाबी आणि गुळगुळीत, वर्षानुवर्षं भरून आलेली. समोर काचेवर तिचा महिन्यापूर्वीचा एक्स-रे लावलेला होता. त्यात दाढ होती, मुळांसकट.

"दाढ कुठे गेली?" मी विचारलं.

तिने जीभ तिथे फिरवली. घाबरली नाही.

"तूच नाही का काढलीस?"

मी आरसा ट्रेमध्ये ठेवला. ती माझ्याकडे बघून हसली. मग गालावर बोट ठेवलं.

"दुखत नाही आता," ताई म्हणाली. "तिथं वारा लागतो एवढंच, डॉक्टर."