पट्टी लावलेली केबल

ही केबल पट्टी न लावता खणात कुणी टाकली? बोला की. आता का दातखीळ बसली?

"काका, चालू आहे ती. आत्ताच बघितली मी."

बघितलीस ना? मग लिहायला हात मोडले होते? बस इथे. तूही बस रे. ही डिस्क कॉपी व्हायला अजून तासभर लागणार, पळता कुठे? एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझ्या भागीदाराची, लंबूची.

उस्तादांना तुम्ही बघितलं नाहीत. हे टीव्ही-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान मूळचं त्यांचं. मी आणि लंबू त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांचा एक नेम होता. केबल तपासली की टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची आणि शाईपेनाने तारीख, वेळ आणि 'ठीक' असं लिहायचं. पट्टी असेल तीच पिशवीत जायची, नसेल ती खोक्यात. आम्ही दात काढायचो. दवाखान्यात अगदी शेवटी त्यांनी लंबूला विचारलं, "पट्ट्या लावतोस ना रे?" लंबू म्हणाला, "हो." कसलं हो आलंय! सहा महिने एक पट्टी लावली नव्हती पठ्ठ्याने. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलला. मार्चमध्ये उस्ताद गेले.

त्याच वर्षी, अठरा नोव्हेंबर. सोमवार संपून मंगळवार लागला होता. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लंबूचा फोन वाजला. एक बाई होती. "दादा, लॅपटॉप टीव्हीवर दिसतच नाहीये. पाया पडते, आत्ता या."

तिचा धाकटा भाऊ परदेशात दवाखान्यात होता. हृदयाचं ऑपरेशन. आपल्याकडच्या दोन वाजता त्याला आत नेणार होते, आणि तो बाहेर येईलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. आईला त्याला व्हिडिओ कॉलवर बघायचं होतं. पण म्हातारीची नजर अधू, मोबाइलवर तिला नुसता धूर दिसायचा. मोठ्या टीव्हीवर चेहरा कळायचा. आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा फुटून काळा पडलेला. म्हणजे टीव्हीवर दिसलं तर दिसलं, नाहीतर काहीच नाही.

लंबूने पिशवी उचलली आणि स्कूटरला किक मारली. दीडच्या आत पोचला.

तळमजल्यावरची खोली. टीव्ही एका जड लाकडी कपाटात, कपाट कोपऱ्यात ढकललेलं. मागे जायला एकाच बाजूने फट. दुसऱ्या टोकाला भिंत. हे नीट ध्यानात ठेवा.

आई खुर्चीत बसलेली, टीव्हीकडे तोंड करून. टीव्हीवर दोनच शब्द. 'सिग्नल नाही.'

आधी सोपं बघ, मग अवघड. हे उस्तादांचंच. लंबूने रिमोटवर बघितलं, टीव्ही लॅपटॉपच्या इनपुटवर लावलाय का. होता. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद करून मिनिटभर थांबला, परत लावले. लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला. बाईला की-बोर्डवर बसवलं आणि कुठली बटणं दाबून चित्र बाहेरच्या पडद्यावर पाठवायचं ते शिकवलं. तिने अंदाजाने दाबली.

सिग्नल नाही.

"केबलच गेली," लंबू म्हणाला आणि पिशवी उघडली. आत तीन केबली. एकीलाही पट्टी नाही. चांगली कुठली, खोक्यातली कुठली, देव जाणे. तो फटीतून आत सरपटला. सहा फुटी माणूस, कसाबसा मावला. पहिली लावली.

"दाबा."

"नाही दादा."

दुसरी. "नाही."

घड्याळात एक सत्तेचाळीस.

"आला का गं माझा बाळ?" आईने विचारलं.

"येतोय, आई." बाईचा आवाज फाटला होता.

तिसरी लावली. खटखट बटणं वाजली. मग काहीच नाही... बाई रडत होती. आवाज न करता. पण लंबूला कळलं.

तोंडात धरलेली बॅटरी खाली पडली. विझली. कपाटामागे अंधार गुडुप्प. लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पुटपुटला, "उस्ताद, चुकलो."

एक हात टीव्हीच्या सॉकेटवर होता. दुसरा मोकळा. भिंतीकडचा. जुनी सवय... उस्ताद मागे उभे असायचे तेव्हाची. त्याने न बघता तो हात पसरला.

"केबल."

हातात केबल आली.

कुणीतरी दिली. बोटं लागली. गार... ओली असावीत अशी गार.

त्याने विचार केला नाही. एक टोक टीव्हीत घातलं, दुसरं फटीतून पुढे सरकवलं. "लॅपटॉपला लावा!"

बटणं वाजली, कॉलची घंटी वाजली आणि बाहेरून किंकाळीच आली. "दिसला! आई, दिसला बघ!"

दहा मिनिटं बोलली माउली. "वाळलास रे," म्हणाली. पोरगा हसून म्हणाला, "तू केस विंचरले नाहीस आज." तिने काचेवर त्याच्या गालावरून हात फिरवला. दोनला त्याला नेलं.

लंबू अंग झटकत बाहेर आला. "बरं झालं ताई, तुमच्याकडे केबल होती."

"माझ्याकडे?"

"तुम्हीच दिलीत ना? मागे?"

"मी इथून उठलेच नाही, दादा. बटणं दाबत होते..."

त्याने वाकून फटीत बघितलं. टोकाला भिंत. आत मांजरसुद्धा उभं राहिलं नसतं.

त्याने केबल काढली. न बघता पिशवीत कोंबली. घरी गेलाच नाही, थेट माझ्या दारात आला. अडीच वाजले होते. मी त्याला इथे दुकानात आणलं, पाणी पाजलं. पाचला बाईचा फोन आला. भाऊ टेबलावरच गेला. "पण आईने बघितलं त्याला," ती सारखी म्हणत होती. "बघितलं, दादा."

मग लंबूने पिशवी माझ्यापुढे सरकवली. "तू बघ. माझ्याच्याने होत नाही."

मी केबल काढली. टोकाला पांढरी पट्टी. अक्षर पंधरा वर्षं बघितलंय, चुकायचं नाही. '१८ नोव्हेंबर. रात्री १:५०. ठीक.'

मी त्यावर अंगठा फिरवला...

खालचा खण उघड. घाबरतोस काय, उघड. ती बघ. तो निळा फराटा दिसतो ना, 'ठीक'वरून ओढला गेलेला? तो माझ्या अंगठ्याचा.

शाई अजून ओली होती.