मुका कान

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशात लेकींचा सण. दर दोन घरांआड झोका, गाणी, खिदळणं. मोहिनीनंही शेजारच्या झुलाल आबांकडून अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेतला, पण हौसेचा नव्हे हो, औषधाचा!

त्याचं असं झालं. फाल्गुनात ताप आला आणि डाव्या कानाची, तोल सांभाळणारी नस गेली. उभं राहावं तर जमीन गरगर फिरायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "कानात आत बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी. डोकं हललं की पाणी हलतं आणि नस मेंदूला वर्दी देते. तुमचा एक कान मुका झालाय. मेंदूला दुसऱ्यावर भागवायला शिकवायचं. हळूहळू झोका घ्या. पण शेजारी कुणीतरी हवं."

शेजारी कुणीतरी! आईबाप गेलेले, नवऱ्यानं केव्हाच टाकलेली. दर अखाजीला फळीवर तिच्या डाव्या अंगाला बसायची ती मैत्रीण कामिनी, तीही गेल्या साली सासरी वारली. आणि आज संध्याकाळी योगेंद्रदादा येणार होता. बहीण धड चालली नाही, तर घराला कुलूप आणि तिची रवानगी नाशकात, वहिनीच्या तोंडाकडं बघत जगायला. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मोहिनीला वाटायचं.

"जपीसन बस, पोरी," म्हणून आबा जेवायला गेले.

भर दुपार. गल्लीतली गाणी थांबली होती. निंबाच्या मोहोराचा कडवट वास कोंडून राहिला होता. सवयीनं ती फळीच्या उजव्या टोकाला बसली, डोळे मिटले आणि पायानं हलकाच रेटा दिला. कर्र... कर्र... फांदी बोलू लागली. जमीन फिरू लागली. आता डावीकडं पडणार...

फळी सरळ झाली. डाव्या अंगाला वजन आलं होतं.

आणि गरगरणं थांबलं. पार थांबलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच सगळं जागच्या जागी होतं. झोका थांबला असेल, म्हणून तिनं डोळे उघडले.

जमीन खाली खोल होती. झोका पार कौलांपर्यंत जाऊन येत होता, आणि तिला हेलकावा म्हणून जाणवत नव्हता.

फाटकात आबा उभे होते.

"माय व... तुले झोका कोण दी ऱ्हायनं?... उतर, पोरी..."

भीतीनं तिनं दोर आणखी आवळून धरला. पण उतरलं की पुन्हा एकटी.

"थांबा ना आबा..." तिनं डोळे मिटले. "आत्ता कुठं बरं वाटतंय..."

संध्याकाळी दादा आला, तेव्हा मोहिनी अंगणभर सरळ चालत सामोरी गेली.

"अगं, ठणठणीत झालीस की!" तो म्हणाला. कुलूप पिशवीतच राहिलं. मोहिनीला आनंदानं रडू फुटलं.

आबा तेवढ्यात झोका सोडायला निंबाखाली गेले. उजव्या दोरावर मोहिनीनं धरलेली जागा केव्हाच वाळली होती. डाव्या दोरावर मात्र, तिच्या हाताच्या उंचीपेक्षा वीतभर वर, मुठीएवढी जागा घामानं ओली होती. आबांनी बोट लावून पाहिलं. ती अजून गरम होती.