नोरा व्हिटकॉमची खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

भूत म्हटलं की लोकांना अमावास्या लागते, रात्रीचे बारा लागतात. इथे तसलं काही नाही. १९८४चा नोव्हेंबर, रविवारची भर दुपार, आणि टेक्ससमधलं अर्विंग. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता.

मी शरयू. तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. मंडळाच्या नाटकात मुख्य भूमिका माझी, हे ठरलेलं असायचं. त्या वर्षीही तीन महिने मीच तालमी केल्या. आणि प्रयोग आठवड्यावर आला असताना आमचा दिग्दर्शक नरेंद्र चहा पिता पिता म्हणाला,

"शरयूवहिनी, राग मानू नका. पण रोल पस्तिशीच्या बाईचा आहे. लतिकाला ट्राय करू या. फ्रेश चेहरा आहे यार. तुम्ही प्रॉम्प्टिंग करा, तुम्हाला सगळं पाठच आहे."

लतिका म्हणजे पुण्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी. ती मला काकू म्हणायची.

नरेंद्र स्वतः पन्नाशीचा. नाटकातला नवरा तोच करत होता. त्याला कुणी बदललं नाही.

मी भांडले. काही उपयोग झाला नाही.

प्रयोगासाठी मंडळाने एक डिनर थिएटर भाड्याने घेतलं होतं. तिथे लोक टेबलांवर बसून जेवतात आणि समोर नाटक चालतं. मेकअपरूममध्ये आरशाशेजारी एका बाईचा फोटो होता. मी बघताच ओळखलं.

नोरा व्हिटकॉम.

मी अमेरिकेत आले तेव्हा नवरा दिवसभर कामावर असायचा. मला गाडी येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. दुपारी टीव्हीवर नोरा असायची. माझं इंग्रजी तिचं ऐकूनच सुधारलं. तरुणपणी तिने काऊबॉयच्या सिनेमांत दारात उभं राहून नवऱ्याची वाट बघितली, एकामागून एक सिनेमांत तेच. मग टीव्ही मालिकेत ती डॉक्टरीणबाई झाली आणि घराघरात पोचली.

आणि एका दुपारी मालिका सुरू होताना निवेदक म्हणाला, आजपासून ही भूमिका दुसरी अभिनेत्री करील. तेच नाव, तोच पांढरा कोट, चेहरा तेवढा तरुण. बस्स. नोराचं पुढे काय झालं, ते कुणी सांगितलंच नाही.

ते मला त्या थिएटरच्या मॅनेजरने सांगितलं. किल्ल्या देताना, च्युइंगम चघळत.

टीव्हीने काढल्यावर नोरा गावोगावच्या डिनर थिएटरांत कामं करत फिरायची. इथेही आली होती. एका संध्याकाळी याच मेकअपरूममध्ये, आरशासमोरच्या खुर्चीत मेकअप करून बसली असताना तिला सांगितलं, आजपासून दुसरी मुलगी उभी राहील. प्रयोग संपल्यावर लोक आत आले, तर ती त्याच खुर्चीत गेलेली होती.

"आणि त्या दिवशीचा प्रयोग?" मी विचारलं.

"झाला की. लोक जेवत होते," तो म्हणाला.

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

प्रयोगाआधी आपली पूजा असते. नरेंद्रला गणपतीची तसबीर टांगायला खिळा हवा होता. त्याने नोराचा फोटो काढला आणि बाथरूमच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

"नरेंद्र, तिथे नको ठेवूस."

"वहिनी, प्लीज. आता अजून एक इश्यू नको."

नारळ फुटला. उदबत्ती लावली.

पण उदबत्तीचा वास येईना...

खोलीत पावडरीचा आणि सिगरेटचा वास भरला होता. आमच्यात सिगरेट कुणीच ओढत नव्हतं.

लतिका मेकअपसाठी आरशासमोरच्या त्या खुर्चीत बसायला गेली आणि थबकली. "काकू, ही गरम आहे."

मी हात लावला. सीट खरंच गरम होती. सकाळपासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

पहिला अंक धड पार पडला. दुसऱ्या अंकात लतिकाचा मोठा प्रवेश होता, ती घर सोडून निघते तो. मी विंगेत स्क्रिप्ट घेऊन उभी होते.

आणि आवाज आला...

काटे-चमचे.

बश्यांवर काटे घासल्याचा आवाज. आधी एका टेबलावरून. मग दुसऱ्या. मग हॉलभर...

मी फटीतून पाहिलं. आमचं जेवण बाहेरच्या खोलीत केव्हाच उरकलं होतं. टेबलं रिकामी होती. कुणाच्या हातात साधा चमचा नव्हता.

लतिकाचं वाक्य अडलं. मी तिला वाक्य दिलं. पुन्हा दिलं, मोठ्याने. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती समोरच्या विंगेकडे बघत होती.

तिथे कुणीच नव्हतं...

ती मागे मागे सरकत विंगेत आली आणि माझ्यावर आदळली.

"काकू, ती बाई मला बाजूला हो म्हणतेय."

कोण बाई, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

स्टेजवर नरेंद्र एकटा उभा, घामाने भिजलेला. मी स्क्रिप्ट खाली ठेवलं आणि अंगावरच्या साडीत, मेकअपशिवाय, तशीच निघाले. मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला होता. वाटलं, नोरा माझ्या बाजूने आहे. दोघींना एकाच कारणाने काढलं, आणि तिने माझा रोल मला परत मिळवून दिला.

मी दिव्यात आले. तोंड उघडलं...

काटे-चमचे एकदम थांबले.

त्यानंतरचं मला काहीही आठवत नाही.

एकदम आठवतं ते हे, की मी मेकअपरूममध्ये त्याच खुर्चीत बसलेय आणि सगळे माझ्याभोवती उभे आहेत. नरेंद्रच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वहिनी, हॅट्स ऑफ. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण ते शेवटचं वाक्य इंग्लिशमध्ये का घेतलंत? स्क्रिप्टमध्ये नाहीये ते."

"कुठलं वाक्य?"

"आय वॉज नॉट फिनिश्ड."

ॲक्सेंटसुद्धा एकदम अमेरिकन, तो म्हणाला.

अजून जुनं कुणी भेटलं की त्या प्रवेशाचं कौतुक करतं. मी हसून मान डोलावते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तीन महिने मी त्या प्रवेशासाठी घासले. तो मला करायचा होता. आयुष्यात एकदाच माझ्यासाठी हॉल उठून उभा राहिला, आणि तेव्हा मी तिथे नव्हतेच.

नोरावर अन्याय झाला, मान्य. मग माझ्यावर झाला नव्हता? माझंही कुठे संपलं होतं?

पुढच्या वर्षी नरेंद्र स्वतः घरी आला, मुख्य भूमिका घेऊन. मी नाही म्हटलं. त्यानंतर ज्याने ज्याने विचारलं त्यालाही नाहीच म्हटलं. दिवा तोंडावर आल्यावर मी मीच राहीन, याची खात्री मला आजही देता येत नाही.

नरेंद्रने मला एका नाटकातून काढलं होतं. तिने कायमचं काढलं.