जाणीवपट्टी

सुनेत्रा उमरेकर ताट घेऊन आली, तशा भोजनगृहातल्या खुर्च्या खिडकीकडे वळल्या. नागपूरजवळच्या या विमान-प्रमाणन केंद्रात जो विमानाची चाचणी करत असेल त्याच्याकडे पाठ करून जेवायची रीत होती. न जाणो, घास घेता घेता तो काही सांगून बसला तर?

गेल्या मोठ्या अपघातानंतर कागदांवर चाळीस सह्या निघाल्या आणि दोष कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून इथल्या प्रत्येकाच्या कपाळावर जाणीवपट्टी आली. मेंदूने दोष ओळखला की ती लाल होते, मग विझत नाही. विमान पडलं तर लाल पट्टीवाले तुरुंगात. कायदा करणाऱ्यांना वाटलं, आता कुणी डोळेझाक करणार नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या लोकांना कुणी शिकवावं लागतं का?

सुनेत्राची पट्टी कालपासून लाल होती. ती दुपट्ट्याखाली झाकलेली होती. मे महिन्यात नागपुरात डोक्याला दुपट्टा बांधला तर कोण विचारणार? तिने तपासलेलं विमान उद्या दोनशे माणसं घेऊन उडणार होतं. तिला फार एकटं वाटत होतं.

ती डॉ. गजभियेंच्या शेजारी बसली. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, एक लाल पट्टी दाखवली तर काय होतं?"

"चाचणीवाल्याचा भ्रम म्हणतात आणि घरी पाठवतात. उड्डाण थांबवायला दोन पट्ट्या लागतात."

"मग दुसरा कुठून आणायचा?"

"दुसऱ्याला सांगायचं म्हणजे त्यालाही तुरुंगाच्या दारात उभं करायचं. आपल्यासाठी तिथे उभं राहण्याइतका जीव कुणाचा कुणावर असतो बाई?" ते खिडकीकडेच पाहत होते. "तू मला काही सांगू नको. शेपटीच्या जोडाचं तर अजिबातच नको."

सुनेत्राचा घास हातातच राहिला. तिने जोडाचा शब्दही काढला नव्हता. तिची नजर त्यांच्या डोक्यावरच्या दुपट्ट्याकडे गेली.

"सर, इथे तर एसी आहे. दुपट्टा सोडा ना."

त्यांनी खिडकीवरची नजर काढली. मग त्यांनी गाठ सोडली. पट्टी लाल होती.

"केव्हापासून?"

"तुझ्या आधीपासून. कुणाला सांगावं तेच समजत नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले. "तुला तर नाहीच सांगू शकलो."

सुनेत्राने आपलाही दुपट्टा सोडला. "चला सर. दोघं झालो."

ते उठले. दाराशी पोचल्यावर तिने सहज मागे वळून पाहिलं. खुर्च्या अजून खिडकीकडेच होत्या. एसीच्या गारव्यात सगळे निमूट जेवत होते, आणि एकाच्याही डोक्यावरचा दुपट्टा सुटलेला नव्हता.