डावखुरी रेघ

वीज गेली ते बरंच झालं. उजेड असला की तुम्ही पोरं माझं ऐकता कुठे, फोनमध्ये डोकं घालून बसता. पुढच्या महिन्यात तुमच्या हाती विमान यायचंय, तेव्हा फोन ठेवा बाजूला. हे आमच्या बॅचच्या एका कॅप्टनच्या बाबतीत घडलंय. उंचीमुळे आम्ही त्याला लंबू म्हणायचो. त्याने स्वतः सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हे. आयुष्यात एकदाच मारली. त्या थापेचीच ही गोष्ट.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी सात वाजता लंबू एकटाच गाडी घेऊन निघाला. काम साधं होतं, एक बॅग पोचवायची. त्याच्याबरोबर उडणारा एक तरुण को-पायलट दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. अपघाताच्या जागी सापडलेली त्याची बॅग कंपनीच्या कपाटात सील लावून पडली होती, ती आता त्याच्या वडिलांना द्यायची होती. वडील एकटेच राहायचे. सगळं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं. "नकाशात आमचं घर भलत्याच गल्लीत दाखवतात," ते फोनवर म्हणाले. "मी सांगतो तसं लिहून घ्या." लंबूने निळ्या पेनाने सात खुणा लिहिल्या: पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, शाळा, लोखंडी पूल, लाकडाची वखार, दवाखाना, घर. हाताला सवय, म्हणून प्रत्येकीभोवती गोलही काढला.

ही सवय काय, ते नीट ऐका. उड्डाणाआधी वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचे आकडे एकाने विमानाच्या मशीनमध्ये टाकायचे आणि कागदावर त्या टप्प्याभोवती गोल काढायचा. दुसऱ्याने ते आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे आणि मगच गोलावर तिरकी रेघ मारायची. गोल म्हणजे टाकला. रेघ म्हणजे तपासला.

अपघाताच्या दिवशी मालवाहू विमानात दोघंच होते. आकडे लंबूने टाकले. नेमकं तेव्हाच त्याच्या मुलीने नव्या घराच्या फरशांचे फोटो पाठवले होते, अर्धं लक्ष तिकडे. एका टप्प्याचे दोन आकडे उलटसुलट पडले. पोराने पेन्सिल काढली.

"सर, तपासून घेऊ?"

"अरे, झालंय ते. उशीर होतोय, चल."

पोराने पेन्सिल परत बॅगेत टाकली. चाळीस मिनिटांनी ढगात, जिथे मोकळं आकाश हवं होतं, तिथे डोंगर होता. लंबू पाय मोडून का होईना, बाहेर आला. पोरगं नाही आलं. तो कागदही जळून गेला, कॉकपिटमधल्या बोलण्याचं रेकॉर्डिंगही हाती लागलं नाही. चौकशीत लंबूने सांगितलं, "तपासलं, असं तो मला म्हणाला होता." उलट सांगायला कोण होतं? सगळा ठपका पोरावर गेला.

तर त्या रात्री बाजूच्या सीटवर बॅग होती आणि बॅगेवर तो खुणांचा कागद. पाण्याची टाकी मागे पडली, तेव्हा आवाज आला. खर्र... कागदावर पेन्सिल ओढावी तसा. त्याने दिवा लावून पाहिलं. पहिल्या दोन गोलांवर रेघा होत्या. पेन्सिलीच्या. त्याच्याजवळ पेन्सिल नव्हती. बॅगेत असेल, पण बॅगेला सील होतं. आणि रेघा उलट्या कललेल्या. ते पोरगं डावखुरं होतं.

शाळा आली. खर्र...

पूल आला. खर्र...

लंबू घाबरला होता, पण त्याहून जास्त त्याला रडू येत होतं. मेल्यावरही पोरगं आपलं काम करत होतं.

वखार आली. वळण घेतलं. आवाज नाही. थोडं पुढे गेला... आवाज नाही. त्याने गाडी थांबवली. मागे पाहिलं. ती वखार नव्हतीच, अंधारात रचून ठेवलेल्या विटा होत्या. तो परत फिरला. खरी वखार मूळ रस्त्यावर अजून पुढे होती.

खर्र...

नऊ वाजून दहा मिनिटांनी तो दारात पोचला. सहा रेघा झाल्या होत्या. 'घर' मात्र नुसताच गोल.

वडिलांनी पाणी दिलं. टेबलावर बॅग, शेजारी कागद. भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ दिसत होता.

"फोटो उतरवून ठेवलाय," वडील म्हणाले. "चाळीस वर्षं दुकानात होतो. दोनदा वाचल्याशिवाय बाटली कुणाच्या हातात दिली नाही. त्यालाही तेच शिकवलं. आणि त्याने न बघताच बघितलं म्हणून सांगावं? त्याच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

चांगला मुलगा होता, एवढंच बोलून निघायचं, असं लंबूने ठरवलं होतं. त्याची नजर कागदावर गेली. मोकळा गोल.

"काका... त्याने विचारलं होतं."

"काय?"

"तपासून घेऊ का म्हणून. मीच नको म्हणालो. चूक माझी होती. खोटंही मीच बोललो."

आत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"पेन्सिल काढली होती त्याने?"

"हो."

"डाव्या हातात?"

"डाव्या हातात."

वडील आत गेले. फोटो घेऊन आले, बाहीने काच पुसली, त्या चौकोनावर टांगायला गेले. खिळा सापडेना. लंबू मदतीला उठला, तर ते म्हणाले, "तुम्ही राहू द्या." फोटो स्वतःच टांगला आणि समोर उभे राहून अगदी हळू म्हणाले, "मला माफ कर रे, बाळा."

पुढच्या आठवड्यात लंबूने सगळं लेखी दिलं. त्याचं लायसन्स गेलं. ते जायलाच हवं होतं. पण ते नंतरचं. त्या रात्री जाताना त्याने कागद उचलला आणि तसाच उभा राहिला. मग वडिलांपुढे धरला.

सातव्या गोलावर रेघ होती. उलटी कललेली.

वडिलांनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. बॅगेचं सील तसंच होतं.