हिरव्या रेघेच्या वर

उदगीरहून रात्रभर जीप हाकत गफूर बायको-मुलीला घेऊन मालवणच्या किनाऱ्यावर आला तो एकाच कामासाठी. तिथं ओळीनं असलेल्या गुहांपैकी तिसरीच्या छताला भोक आहे आणि त्यातून ऊन थेट पाण्यात उतरतं, असं मुलीनं, मनतशानं, फोटोत पाहिलं होतं. लातूरच्या हॉस्टेलमध्ये दोन वर्षं काढून, डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा देऊन आलेल्या पोरीनं एवढंच मागितलं होतं.

"नवाच्या आत भायर येवा," जाळं सोडवत बसलेला कोळी म्हणाला. "मगे पाणी वाट बंद करतला."

गफूरची बायको शबाना सगळ्यांत मागे चालत होती. पंचवीस वर्षांपूर्वी भूकंपात तिचं माहेरचं दगडी घर कोसळलं, त्यात धाकटी बहीण गेली. तेव्हापासून दगडाच्या छताखाली तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. पहिली गुहा तिनं खाली मान घालून ओलांडली. दुसरीत पाणी घोट्याला लागलं. खेकडे सरसर पळत होते आणि पुढच्या फटीतून निळसर उजेड झिरपत होता.

"साडेनऊ झाले. बस झालं आता."

"अम्मी, हे काय समोरच हाय. पाचच मिनिटं."

तेवढ्यात लाट आली. गफूरचा पाय दोन दगडांमध्ये अडकला आणि तो आडवा झाला. दोघींनी त्याला ओढून काढलं, पण पाऊल टेकवेना. शबाना मागे धावली. पहिल्या गुहेचं तोंड पाण्यानं भरलं होतं. लाट आत शिरे, छताला धडके, फेसाळत परते. वाट गेली होती! पोहायला तिघांपैकी कुणालाच येत नव्हतं.

तिनं भिंतीवर मोबाईलचा उजेड टाकला. शेवाळाची हिरवी रेघ तिच्या खांद्यापाशी थांबत होती. रेघेच्या वर कोरडा दगड, आणि तिथंच एक कपार. उन्हाळ्याउन्हाळ्याला हौदात वाकून पाणी बघणाऱ्या बाईला ती रेघ कळली.

"पाणी इथवरच चढतंय. वर चला."

मनतशा चढली. खालून शबानानं रेटलं, वरून पोरीनं ओढलं, गफूर कण्हत वर गेला. मग लाट शबानाच्या छातीवर आदळली. पाय सुटले. मनतशानं तिचं मनगट धरलं, आणि ती वर आली.

छत केसांना लागत होतं. शबानानं डोळे मिटले. पाणी चढत राहिलं. कपारीच्या चार बोटं खाली येऊन ते घुटमळू लागलं.

"अम्मी," मनतशा म्हणाली, "पेपर चांगला गेला न्हाई."

"ठाऊक हाय मला."

"पुढच्या वर्षी परत हॉस्टेलच्या त्या खोलीत न्हाई राहणार मी. झोपच लागत न्हाई तिथं."

"घरी गेल्यावर बोलू," गफूर पुटपुटला.

"घरी कशाला? इथं लई वेळ हाय," शबाना म्हणाली.

मग दुपारभर ते बोलत राहिले. मधूनच भांडले.

चारच्या सुमाराला पाणी गुडघ्याखाली उतरलं. तिसऱ्या गुहेतला उजेड वीस पावलांवर होता. मनतशानं तिकडे एकदा पाहिलं आणि अब्बाचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "चला बाहेर."

किनाऱ्यावर येताच शबाना वाळूत बसली. तिनं पदर पिळला.

"जाताना लातूरला थांबायचं," ती म्हणाली. "हॉस्टेलातली गादी उचलून आणू."

गफूरनं तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "व्हय," तो म्हणाला.