मोजून वाढणारी

आयसीयूच्या दारातच धडकलो आम्ही. त्याच्या डब्यातली पेज माझ्या पांढऱ्या कोटावर सांडली, आणि वर हाच माझ्यावर डाफरला.

"माझ्या आयला उपाशी मारताय तुमी. येवढीशी नळी, त्यात येवढंसं दूध... आमच्यात माणसाला मोजून वाढत नाय."

मी अंतरा. कर्जतच्या एका हॉस्पिटलात अत्यवस्थ रुग्णांचा आहार ठरवते. मोजून वाढणं हाच माझा धंदा. तो कशेळ्याचा अक्षय, भिवपुरीच्या वीजघरात कामाला, तोच गणवेश अंगावर. त्याची आई अंबाबाई न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होती. भांडत होता, पण डोळे असे काही... जाऊ दे, मी कोट पुसत होते.

"इतक्या आजारी शरीराला सुरुवातीला भरपूर अन्न झेपत नाही," मी म्हटलं. "तुम्ही तरी लागते त्याहून जास्त वीज सोडता का?"

तो हसू दाबत म्हणाला, "सोडली तर सायेब मला घरी बसवतील."

"मग आईचं आजारापूर्वीचं वजन सांगा. खाटेवरचा वजनकाटा सलाइननं आलेली सूजही मोजतोय."

"आय म्हंजे नुसती काडी वो. पन भाताचा भारा एकटी उचलते."

त्या काडीच्या अंगाला बेतून मी आहार बांधला. रोज दुपारी तो यायचा. "आज किती वाढलंत?" आणि मी उगाचच लांबण लावून समजावत बसायचे. त्यालाही काही घाई नसायची.

ताप उतरला, सूज ओसरली. आता मला मात्रा वाढवायची होती, प्रथिनंही. आमचे मोठे डॉक्टर, शशिकांत सर, वैतागले. "चाललंय ते चालू दे. सगळ्यांना तेच देतो आपण."

"ही काय लग्नाची पंगत आहे, सर? व्हेंटिलेटर काढायचाय ना? मग बाईंना श्वास ओढायला बळ नको?"

"पोटाला सोसलं नाही तर?"

"तर मला जाब विचारा. पण मी हटणार नाही."

सरांनी सही केली. मी बाहेर आले. अक्षयनं सगळं ऐकलं होतं. चहाचा कप पुढे करत हळूच म्हणाला, "आयसाठी एवढं कुनी भांडलं नवतं..." त्या कपासकट मी त्याच्या प्रेमात पडले.

दहिवलीला घरी जाऊन सांगूनही टाकलं. बाबा म्हणाले, "शेतकऱ्याचं घर, झेपेल का तुला?"

"बाबा, कुणाला काय झेपतं ते ठरवणं माझं रोजचं काम आहे."

अंबाबाईंना सोसलं. हळूहळू बळ आलं, आणि एका सकाळी व्हेंटिलेटर निघाला. मी उशाशी, अक्षय पायाशी डोळे पुसत. घोगऱ्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "तू कोन गं?"

"आय, या आहाराच्या मॅडम—"

"थांब," मी त्याला अडवलं. "तुमची सून व्हायचं म्हणतेय मी. फक्त... तुमच्या लेकाला अजून विचारलेलं नाही."

अक्षय कानापर्यंत लाल. अंबाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग इचार की."